पाहुण्याचं पहिलं वाक्य

जपानच्या शिकोकू बेटावर मात्सुयामा नावाचं शहर आहे. तिथल्या किल्ल्यावर, ट्राममध्ये, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या दोगो भागात ठिकठिकाणी एक पेटी दिसते. रूप टपालपेटीचं, पण हिच्यात पत्र टाकायचं नसतं. येणाऱ्या-जाणाऱ्याने घटकाभर थांबावं, भोवती पाहावं, चिठ्ठीवर एक हायकू लिहावा आणि पेटीत टाकावा. १९६०च्या दशकात सुरू झालेल्या या पेट्या ठरावीक काळाने उघडतात, जाणकार चिठ्ठ्या वाचतात आणि निवडक हायकू प्रसिद्ध होतात. याच शहरात १९९८पासून दर ऑगस्टमध्ये शाळकरी मुलांची हायकूची स्पर्धा भरते. पाच-पाच जणांचे संघ समोरासमोर बसतात, आपला हायकू वाचतात, दुसऱ्याच्या हायकूवर प्रश्न विचारतात आणि परीक्षक लाल किंवा पांढरं निशाण वर करून कौल देतात. मैदानी सामन्याला साजेसा हा थाट एवढ्याशा कवितेसाठी असतो.

हायकू शिकू पाहणाऱ्याला बहुतेक वेळा एकाच वाक्यात दीक्षा मिळते: तीन ओळी, पाच-सात-पाच. नियम सोपा, त्यामुळे बोटं लगेच मोजायला लागतात. हा नियम खोटा नाही, पण तो फळाची साल आहे. हायकू इतका आखूड का, त्यात ऋतू का येतो, तो मधेच थांबल्यासारखा का वाटतो, यांतलं काहीच त्या मोजणीतून कळत नाही. ते कळायला हायकू ज्या बैठकीतून उठून आला, त्या बैठकीत जाऊन बसावं लागतं.

बैठकीतली कविता

मध्ययुगीन जपानमध्ये रेंगा नावाचा साखळी-कवितेचा प्रकार रंगत असे. काही कवी एकत्र बसत. एकाने पाच-सात-पाच ध्वनींचं कडवं म्हणायचं, दुसऱ्याने त्याला सात-सातचं कडवं जोडायचं, पुढच्याने पुन्हा पाच-सात-पाच. अशी शंभर कडवी होईपर्यंत बैठक चाले. नवं कडवं लगतच्या कडव्याशी जुळलं पाहिजे, पण त्याच्याही मागच्या कडव्याचा हात त्याने सोडला पाहिजे, असा दंडक होता. त्यामुळे कविता एका जागी घुटमळत नसे. वसंतातून शरदात, डोंगरातून प्रेमात अशी सरकत राही. १४८८ मध्ये सोगी आणि त्याच्या दोन सोबत्यांनी मिनासे इथे रचलेली शंभर कडव्यांची मालिका आजही या प्रकाराचा मानदंड मानली जाते.

या साखळीतल्या पहिल्या कडव्याला होक्कू म्हणत. होक्कू म्हणायचा मान प्रमुख पाहुण्याचा आणि त्याला जोडायचं दुसरं कडवं यजमानाचं, अशी रीत होती. होक्कूत त्या दिवसाचा ऋतू यायला हवा, त्या जागेची काही खूण यायला हवी, यजमानाला न बोलता केलेला नमस्कार त्यात असायला हवा. ते एकटं उभं राहण्याइतकं पुरं हवं आणि पुढच्याला जोडता येईल इतकं मोकळंही हवं.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. गावाकडे ओसरीवर टेकलेला पाहुणा गूळपाणी घेता घेता आधी पाऊसपाण्याचं बोलतो. “औंदा वळीव बरा झाला तुमच्याकडं,” एवढंच म्हणतो आणि थांबतो. त्यात ऋतू आला, गाव आलं, यजमानाच्या शेताची विचारपूस आली आणि यजमानाला बोलायला वावही मिळाला. कामाचं बोलणं मागाहून. होक्कू म्हणजे असं पाहुण्याचं पहिलं वाक्य.

पुढे हे पहिलं वाक्य साखळीतून सुटं झालं आणि त्यालाच हायकू हे नाव मिळालं. यजमानाचं कडवं मात्र कागदावरून गेलं. ते म्हणायचं काम वाचणाऱ्याकडे आलं.

केळीखालचं खोपट

रेंगाच्या दरबारी शिस्तीतून सतराव्या शतकापर्यंत एक मोकळाढाकळा प्रकार निघाला होता. त्याचं नाव हाइकाइ. त्यात बाजारातले शब्द चालत, थट्टा चाले, कोट्या तर भरपूर. कोट्यांच्या या गर्दीतून ज्याने खोल कविता काढली, तो मात्सुओ बाशो. जन्म १६४४चा, इगा प्रांतातल्या उएनो गावचा. तरुणपणी तो एका सामुराई घराण्यात चाकरीला होता. पुढे एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला गेला आणि हाइकाइ शिकवणारा गुरू म्हणून नावारूपाला आला. तेव्हा तो तोसेइ या नावाने लिहीत असे. तोसेइ म्हणजे न पिकलेलं, हिरवं पीच.

१६८० मध्ये शहरातली वर्दळ सोडून तो सुमिदा नदीपलीकडे फुकागावा इथल्या एका खोपटात राहायला गेला. एका शिष्याने दारात लावायला केळीचं रोप आणून दिलं. जपानीत या केळीला बाशो म्हणतात. थंड हवेत वाढणाऱ्या या जातीला खाण्याजोगं फळ धरत नाही आणि तिची रुंद पानं वाऱ्याने फाटून चिंध्या होतात. कोकणातल्या माणसाला ती फाटकी पानं डोळ्यांपुढे आणायला काहीच कष्ट नकोत. फळ नाही, लाकूड नाही, वाऱ्यापुढे टिकाव नाही, असं हे झाड गुरुजींना इतकं भावलं, की लोक त्या खोपटाला केळीचं खोपट आणि त्यांना बाशो म्हणू लागले. १६८२च्या आगीत ते खोपट जळलं. शिष्यांनी दुसरं उभारून दिलं.

बाशोची सर्वांत गाजलेली रचना १६८६ची, बेडकाची. तिच्याबद्दल त्याच्या शिष्यांनी एक हकिकत नोंदवून ठेवली आहे. जपानी कवितेत शेकडो वर्षं बेडूक यायचा तो गाण्यासाठी, आणि त्याची जोडी ठरलेली असे यामाबुकी नावाच्या पिवळ्या फुलांशी. आपल्याकडे चातक म्हटलं की मेघ, तसं. बाशोच्या बेडकाने मात्र तोंडच उघडलं नाही. त्याने उडी मारली आणि ऐकू आलं ते पाणी. सुरुवातीला काय ठेवावं, असा प्रश्न निघाला तेव्हा किकाकू या शिष्याने यामाबुकी सुचवली. बाशोने ती बाजूला ठेवली आणि नुसतं जुनं तळं घेतलं. नव्याने लिहिणाऱ्याला इथे मोठा धडा आहे. चातकाबरोबर मेघ आपोआप कागदावर उतरतो, कारण तो आपण पाहिलेला नसतो, पाठ केलेला असतो.

१६८९ मध्ये सोरा या शिष्याला घेऊन बाशो उत्तरेकडे निघाला आणि सुमारे पाच महिन्यांत २,४०० किलोमीटरच्या आसपास फिरला. त्या वाटचालीवरचं गद्य-पद्य मिसळलेलं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १७०२ मध्ये छापून आलं. १६९४ मध्ये ओसाकाला त्याचा देह पडला, तोही प्रवासातच. पाइनविषयी जाणून घ्यायचं तर पाइनकडे जावं आणि बांबूविषयी बांबूकडे, या अर्थाची त्याची शिकवण शिष्यांनी लिहून ठेवली आहे. हायकू शिकणारे जपानी लोक आजही वही घेऊन मुद्दाम फिरायला जातात. त्या फिरण्याला गिंको असं स्वतंत्र नाव आहे.

बाशोनंतर ही परंपरा वेगवेगळ्या हातांनी पेलली. कागा प्रांतातली चियो-नी हिने बाईमाणसाच्या रोजच्या कामातले क्षण टिपले. बुसोन चित्रकार होता. त्याच्या हायकूंत रंग आणि अंतर यांची जाण दिसते. १७६३ साली शिनानो प्रांतात जन्मलेल्या इस्साची आई तो लहान असतानाच गेली. पुढे त्याने स्वतःची मुलंही एकामागोमाग गमावली. माश्या, पिसवा, गोगलगाई यांच्याशी तो घरच्या माणसांसारखा बोलला आणि जवळजवळ २०,००० हायकू मागे ठेवून गेला.

मोजायचं काय?

आता ते पाच-सात-पाच. जपानी कवी जे मोजतो ते आपलं अक्षर नव्हे आणि इंग्रजी सिलॅबलही नव्हे. जपानी भाषेत प्रत्येक लहान ध्वनीला सारखा वेळ मिळतो. दीर्घ स्वराला दोन ठोके, शब्दातल्या नुसत्या ‘न्’ला स्वतंत्र एक ठोका, जोडाक्षरातल्या थांब्यालाही एक. त्यामुळे ‘हायकू’ या शब्दाचे तीन ठोके होतात: हा, इ, कु. ‘निप्पोन’चे चार: नि, प्, पो, न्. आणि आपण ज्याला दोन अक्षरांत उरकतो त्या ‘तोक्यो’चेही चार, कारण त्यातले दोन्ही स्वर जपानीत लांब आहेत.

वृत्तं शिकलेल्या मराठी वाचकाला हा हिशेब ओळखीचा वाटेल. ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन, ही तर आपली मात्रांची मोजणी. हे साम्य एकदा ध्यानात आलं की हायकूचं खरं माप समजतं. पादाकुलकाच्या एका चरणात १६ मात्रा असतात. अख्ख्या जपानी हायकूत १७ ठोके. म्हणजे पुरी कविता आपल्या एका चरणाहून जेमतेम एक मात्रा लांब. जपानीत हायकू बहुधा एकाच उभ्या ओळीत लिहितात, त्याचं नवल वाटू नये. तीन ओळी हा मुख्यतः इतर भाषांनी केलेला संसार आहे.

मराठीत १७ अक्षरं घेतली की मात्रा सहज २५ ते ३० होतात. शिवाय आपण लिहितो एक आणि बोलतो एक. ‘पाऊस’ कागदावर तीन अक्षरी, पण तोंडातून ‘पा-ऊस’ असा दोन ठोक्यांत बाहेर पडतो. ‘कोरडा’ हाही ‘कोर-डा’ होतो. तेव्हा मराठीत १७चा आकडा कवटाळून जपानी हायकूचं वजन हाती लागत नाही. ओळ पुरी करायला घातलेला ‘तो’, ‘ही’, ‘खूप’ असा एखादा शब्द मात्र एवढ्याशा जागेत वाटाण्याएवढ्या खड्यासारखा टोचतो. जपानमध्येही तानेदा सांतोकासारख्या भटक्या भिक्षूने विसाव्या शतकात मोजणी पार सोडून हायकू लिहिले आणि लोकांनी ते आपले मानले. सुरुवातीला मोजावं जरूर, कारण मोजताना शब्द काढून टाकायची सवय लागते. तेवढ्यापुरता तो आकडा कामाचा.

ऋतूचा शब्द, तोडणारा शब्द

होक्कूने ऋतू सांगितलाच पाहिजे, या जुन्या रिवाजातून किगो, म्हणजे ऋतूचा शब्द आला. हे शब्द ऋतूवार लावलेले कोश जपानमध्ये हायकू लिहिणाऱ्यांच्या हाताशी असतात. त्यांना साइजिकी म्हणतात. कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध असलेल्या बाकिनने १८०३ मध्ये असा एक कोश तयार केला होता. साइजिकीत ऋतू पाच: वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा आणि पाचवा नववर्षाचा. बेडूक वसंतातला, रातवा उन्हाळ्यातला, तर नुसता ‘चंद्र’ म्हटला की तो शरदातला. कलिंगड शरदात टाकलेलं पाहून नवखा चक्रावतो. पण जुन्या पंचांगाप्रमाणे शरद ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच लागतो, हे कळलं की कोडं सुटतं. अशा एका शब्दामागे शेकडो वर्षांच्या कविता उभ्या असतात, म्हणून एवढ्या लहान जागेत एवढं मावतं.

आपल्याकडे असा छापील कोश हाताशी नसला तरी माल भरपूर आहे. नुसता ‘मोहोर’ म्हटला की तो आंब्याचा आणि माघ-फाल्गुनातला. मृगाचा लाल मखमली किडा जूनखेरीज दिसत नाही. हत्तीचा पाऊस म्हणजे हस्त नक्षत्राचा, पावसाळा परतीला लागल्याचा. हुरडा म्हटला की थंडी आणि शेकोटी, पोपटी म्हटली की रायगडातला वालाच्या शेंगांचा हंगाम, पावशा म्हटला की पेरणीची घाई. मराठीत हायकू लिहू पाहणाऱ्याने चेरीच्या फुलांच्या मागे लागायचं कारण नाही. आजीला पावसाची नऊ नक्षत्रं आणि त्यांतल्या प्रत्येकाची खोड विचारावी. तिच्याजवळ साइजिकीचा अर्धा भाग तोंडपाठ असतो.

या ऋतुशब्दावरून जपानमध्ये भांडणंही झाली. १९३०च्या दशकात काही तरुण कवींनी ऋतूविना हायकू लिहायला घेतले. यंत्र, कारखाना, युद्ध यांना कोणता ऋतू लावायचा, असा त्यांचा सवाल होता. १९४० मध्ये क्योतोतल्या अशा एका मासिकाभोवतीच्या कवींना विशेष पोलिसांनी अटक केली. १७ ठोक्यांच्या कवितेलाही सत्ता घाबरू शकते, याची ही नोंद.

दुसरं अंग तोडण्याचं. जपानीत या, काना, केरी असे काही शब्द आहेत. त्यांना किरेजी, म्हणजे तोडणारे शब्द म्हणतात. त्यांना स्वतःचा असा अर्थ फारसा नसतो. ते येतात तिथे कविता श्वास घेते आणि दोन तुकडे होतात. एकीकडे ऋतू किंवा जागा, दुसरीकडे काही घडणं किंवा दिसणं. या दोन तुकड्यांत ‘जणू’, ‘जसा’, ‘म्हणून’ असं काही घालायचं नसतं. सांधा वाचणाऱ्याने जोडायचा. मराठीत किरेजी नाही, तेव्हा आपण ओळ तोडतो किंवा आडवी रेघ देतो. जात्यावरच्या ओव्यांतला ‘गं बाई’ या कामाला किती जवळचा आहे, हे ओवी ऐकताना लक्षात येतं: अर्थात भर काहीच नाही, पण तिथे एक विसावा मिळतो.

ऋतू नसलेली आणि माणसाच्या खोडीवर हसणारी, पण तेवढ्याच मापाची कविता जपानमध्ये वेगळ्या नावाने चालते. तिला सेन्र्यू म्हणतात. नवख्याचे सुरुवातीचे पुष्कळसे हायकू खरं तर सेन्र्यू असतात. त्यात वाईट काही नाही, आपण काय लिहिलं ते माहीत असावं एवढंच.

घोसाळ्याचा मांडव

आज आपण ज्याला हायकू म्हणतो ते नाव रूढ केलं मासाओका शिकी याने. तो १८६७ साली याच मात्सुयामात जन्मला. क्षयाने रक्त पडू लागलं तेव्हा त्याने शिकी हे नाव घेतलं. रक्त ओकेपर्यंत गातो अशी समजूत असलेल्या कोकिळेच्या जातीच्या एका पक्ष्याचं हे नाव. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्याने होक्कू साखळीतून कायमचा सोडवला आणि ती स्वतंत्र कविता आहे असं ठासून मांडलं. चित्रकार मित्राकडून त्याने एक शब्द उचलला: शासेइ, म्हणजे समोर बसून केलेलं रेखाटन. जसं दिसतं तसं आधी काढा, रंग मागाहून. १८९७ मध्ये मात्सुयामात सुरू झालेलं ‘होतोतोगिसु’ हे मासिक त्याच्या विचारांचं व्यासपीठ बनलं.

शेवटची वर्षं शिकी तोक्योतल्या एका लहानशा घरात अंथरुणाला खिळून होता. खिडकीबाहेर मांडवावर एक वेल चढवलेला होता. तो कोणता, तर आपल्या ओळखीचा, घोसाळ्याचा. घोसाळ्याच्या वेलाचं पाणी कफावर औषध म्हणून देत असत. १९ सप्टेंबर १९०२ रोजी, वयाच्या ३४व्या वर्षी तो गेला. त्याच्या शेवटच्या तीन रचना या वेलावरच्या आहेत आणि त्याची पुण्यतिथी आजही घोसाळ्याच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे घोसाळं म्हणजे भजी. पण जे अंथरुणातून दिसतं तेच लिहायचं, हे व्रत ज्याने घेतलं, त्याला घोसाळं पुरलं.

मराठीत आला तेव्हा

हायकूची भारताशी ओळख करून देणाऱ्यांत रवींद्रनाथ टागोर अग्रभागी आहेत. १९१६च्या जपान प्रवासात ते या लहान कवितेने थक्क झाले आणि ‘जापान यात्री’ या प्रवासवर्णनात त्यांनी बाशोच्या रचना बंगालीत दिल्या. पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले जपानीचे प्राध्यापक सत्यभूषण वर्मा यांनी भारतीय भाषांतल्या हायकूंना एकत्र आणण्यासाठी आयुष्य वेचलं.

मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी. आचार्य अत्र्यांची ही लेक. जन्म १९२९चा, निधन २०१७चं. ‘ध्रुवा’, ‘हेही हायकू’, ‘फक्त हायकू’ हे त्यांचे संग्रह. त्यांनी अक्षरांचा हिशेब घट्ट धरला नाही. तीन ओळी ठेवल्या आणि तिसऱ्या ओळीचं यमक पहिलीशी किंवा दुसरीशी जुळवण्याची एक मराठी रीत घातली. मूळ जपानी हायकूत यमक नसतं. पण ओवी-अभंगावर वाढलेल्या कानाला यमकाशिवाय शेवट झाल्यासारखा वाटत नाही. या रीतीमुळे हायकू मराठी कानाला लवकर आपला वाटला. नव्याने लिहिणाऱ्याने एवढीच काळजी घ्यावी, की यमकाने चित्राला ओढत नेऊ नये.

कोरडा चौकोन

आता हे सगळं प्रत्यक्ष करून पाहू. नवखा माणूस पावसावर लिहायला बसतो आणि बोटं मोजून हे लिहितो:

पाऊस आला
मन माझे नाचले
आनंद झाला

पाच-सात-पाच बरोबर आहे. यमक आहे. ऋतूही आहे. तरी हा हायकू नाही, कारण त्यात पाहिलेलं काहीच नाही. पाऊस कुठे आला? तेव्हा समोर काय होतं? आणि आनंद झाल्याचं कवीनेच सांगून टाकल्यावर वाचणाऱ्याने करायचं काय? पाहुणा स्वतःच बोलला आणि यजमानाचं उत्तरही त्यानेच देऊन टाकलं.

मग त्याला विचारावं, की बाबा, त्या पावसात तू खरंच काय पाहिलंस? तो आठवतो. गच्चीवर कुरडया-पापड वाळत घातले होते. सर आली, आई धावली, चार कोपरे धरून तिने वाळवणाचं लुगडं उचललं. सगळी गच्ची भिजून काळी होत होती आणि लुगडं होतं तेवढा चौकोन क्षणभर पांढरा, कोरडा राहिला. मग तोही ठिपक्याठिपक्यांनी गेला. हे सांगताना त्याचा आवाज बदलतो. हायकू इथे आहे. तो लिहितो:

मृगाची सर —
वाळवणाच्या जागी
कोरडा चौक

पुन्हा नेमकं पाच-सात-पाच. आई गेली, धावपळ गेली, आनंदही गेला. उरलेल्या चौकोनावरून ते सारं वाचणाऱ्याला कळतं. पण ‘चौक’ म्हटल्यावर वाड्यातला चौक डोळ्यांपुढे येतो, नाहीतर चार रस्त्यांचा. पाच अक्षरांसाठी चित्र बिघडलं. ‘कोरडा चौकोन’ केलं तर अक्षरं सहा होतात. होऊ द्यावीत. चित्र राहिलं पाहिजे.

आता दुसरी परीक्षा, आणि ही बाशोच्या घरची आहे. ओमी प्रांतातल्या लोकांसोबत सरत्या वसंताला निरोप देण्यावर बाशोची एक रचना आहे. शोहाकु या शिष्याने तिच्यावर आक्षेप घेतला, की इथे ओमीच्या जागी तांबा प्रांत घातला, वसंताच्या जागी सरतं वर्ष घातलं तरी चालेल. म्हणजे शब्द हलतात. बाशोने क्योराइ या दुसऱ्या शिष्याला विचारलं. क्योराइ म्हणाला, की हा आक्षेप टिकत नाही. ओमीत बिवा सरोवर आहे. वसंतात त्या पाण्यावर धुकं पसरतं, आणि त्या पाण्याकाठी वसंत सरल्याची जी हुरहुर वाटते ती दुसरीकडे वाटणार नाही. बाशो खूश झाला. तेव्हापासून शब्द हलतो का, हा हायकूच्या जगातला नेहमीचा प्रश्न होऊन बसला.

आपल्या हायकूला हाच प्रश्न विचारू. ‘मृगाची सर’ हलते का? गावाकडची कुठलीही बाई हे ऐकून हसेल. मृगापर्यंत वाळवण बाहेर ठेवते कोण? कुरडया चैत्र-वैशाखात होतात, डबे भरून मृगाआधी माळ्यावर जातात. उन्हात पसरलेल्या पापडांना गाठतो तो वळीव. म्हणजे मृग इथे ऐकीव होता. पावसाचा पहिला शब्द म्हणून सवयीने आला, यामाबुकीसारखा. दुरुस्ती करू:

वळवाची सर —
वाळवणाच्या जागी
कोरडा चौकोन

अक्षरं झाली सहा-सात-सहा. पण मोठ्याने वाचून पाहावं. वळवाची, वाळवणाच्या. व आणि ळ यांची जी लय अचानक लागली ती कोणी ठरवून आणलेली नाही. वाळवण आणि वळीव हे एकाच उन्हाळ्यात राहणारे शब्द आहेत, ते शेजारी आले आणि एकमेकांना ओळखून बोलले. नक्षत्र बरोबर लागलं आणि नाद पदरात पडला. ही जगातली थोर रचना नव्हे, पण तिच्यातला कुठलाही शब्द आता सहज हलत नाही. नवख्याने एका हायकूकडून इतकंच मागावं.

नाव नसलेली चिठ्ठी

जपानमध्ये हायकू घरात एकट्याने बसून शिकत नाहीत. त्यासाठी कुकाइ नावाची बैठक भरते. प्रत्येकाने आपले हायकू चिंचोळ्या चिठ्ठ्यांवर, एका चिठ्ठीवर एक असे, नाव न घालता लिहायचे. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र करून पिसायच्या आणि वाटायच्या. मग हाती आलेल्या चिठ्ठ्या प्रत्येकाने दुसऱ्या कागदावर उतरवून काढायच्या, म्हणजे अक्षरावरूनही कोणाचा हायकू ते ओळखू येणार नाही. ते कागद हातोहात फिरतात, जो-तो आपल्याला आवडलेले हायकू निवडतो, निवडलेले मोठ्याने वाचले जातात. तेव्हा, आणि तेव्हाच, लिहिणारा आपलं नाव उच्चारतो. गुरूचा हायकू कोणीच निवडला नाही आणि महिन्याभरापूर्वी आलेल्या पोराचा पाच जणांनी निवडला, असंही घडू शकतं. नवख्याला यातून एक गोष्ट पक्की कळते: हायकू वाचला जात असताना ‘मला असं म्हणायचं होतं’ असं सांगायला कवी तिथे नसतो.

१९४६ मध्ये कुवाबारा ताकेओ या अभ्यासकाने हायकूवर असाच हल्ला चढवला होता. नामवंतांचे आणि अनोळखी लोकांचे १५ हायकू त्याने नावं काढून लोकांपुढे ठेवले आणि थोर कोण, सामान्य कोण ते ओळखायला सांगितलं. लोक गोंधळले. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला, की ही दुय्यम दर्जाची कला आहे. मोठं वादळ उठलं. आरोपात तथ्य नव्हतं असं म्हणता येत नाही, कारण सुमार हायकू लिहिणं खरोखरच सोपं आहे. पण ज्या गोष्टीला कुवाबाराने दोष ठरवलं, ती कुकाइमध्ये रोजची रीत होती. नावं काढून वाचायचं, हाच तर त्या बैठकीचा पहिला नियम.

तो नियम जिथून आला तिकडे पुन्हा पाहिलं की सगळं जुळतं. होक्कू कधीच एकट्याचा नव्हता. तो बैठकीत बोललेला शब्द होता आणि पुढचं कडवं दुसऱ्याचं होतं. मात्सुयामाच्या पेटीत चिठ्ठी टाकणारा प्रवासी, समोरच्या संघाच्या प्रश्नाला उत्तर देणारी शाळकरी मुलगी, घोसाळ्याच्या मांडवाकडे पाहत पडलेला शिकी, सगळे त्याच ओसरीवर टेकलेले आहेत. ऋतूचं एक वाक्य बोलायचं, खरं पाहिलेलं बोलायचं आणि थांबायचं.

तुमची सर, तुमची गच्ची, तुमचा चौकोन मांडून झाला की हात आखडता घ्यावा. गूळपाण्याचा तांब्या खाली ठेवला गेला आहे. आता यजमान बोलेल.